फालेसीच्या खांद्यासाठी दिलेली रबरपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सायकलची ट्यूब आहे. खरं तर हातभर पट्टीच आहे. बाकीची मी कुठे आहे, ते मला माहीत नाही.

तरुणपणी मी आफ्रिकेत, झोम्बा शहराजवळच्या रस्त्यांवर मागच्या चाकात राहत होते. मला अकरा ठिगळं लागली. बारावं लावायला जागाच उरली नाही, तेव्हा बाजारात माझ्या पट्ट्या कापल्या गेल्या. आमच्याकडे सायकलवर सरपण, शेळी, शवपेटी जे काही जातं, ते अशा पट्ट्यांनीच बांधतात. माझ्या बहिणी त्या कामाला लागल्या. मला मात्र इस्पितळातल्या कान्यूम्बूसाहेबांनी नेलं. ते फिजिओथेरपिस्ट. त्यांचे व्यायामाचे परदेशी रबरी पट्टे कधीच संपले होते. मला खिडकीच्या गजाला बांधून ते रोग्यांना ओढायला लावत. तिथे माझं फार कौतुक झालं. एक हवालदार बरा झाल्यावर मला सलाम ठोकून गेला.

मग फालेसी आली. हातपंपापाशी घसरून तिचा उजवा खांदा दुखावला होता. दुखतं तर हलवू नये, असं सगळं गाव म्हणालं, म्हणून तिने चार महिने हात गळ्यात बांधून ठेवला. आता तो नाकाच्या वर जाईना. बादली डोक्यावर चढवता येईना. तिची मुलगी तियामिके सहावीत होती. ती रोज पाण्याच्या चार खेपा घालून तिसऱ्या तासाला शाळेत पोचायची.

"सुई नाही का देणार, साहेब?" फालेसीने विचारलं.

"सुई काय बादली उचलणार आहे, माई? ही पट्टी दाराच्या खांबाला बांधा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा ओढा. तीन महिने. थोडं दुखेल, पण सोडायचं नाही."

"तीन महिन्यांत मका तयार होतो हो!"

"मग मक्याबरोबर खांदाही होईल."

पाचव्या दिवशी फालेसीचा हात कपाळापर्यंत गेला. तियामिकेने टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तो. दुसऱ्या दिवशी फालेसीच्या नवऱ्याला, बिटोनीला, कोळशाची पोती बांधायची होती.

"दाराला रबर कशाला? दार पळून चाललंय का?"

"अहो, औषध आहे ते माझं."

"बरं, संध्याकाळी आणून देतो तुझं औषध."

तो तिसऱ्या दिवशी आला. मग शेजारच्या गावात मयत झालं. शवपेटी बांधायला मला मागून नेलं. मयताला नाही कसं म्हणायचं? मी दोन आठवडे तिकडेच होते. परत आले तेव्हा फालेसीचा खांदा पुन्हा धरला होता. ओढलं की कळ यायची, आणि सासू म्हणायची, "बाई गं, दाराशी कसली रस्सीखेच चाललीय?"

तपासणीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "व्यायाम केलात ना, माई?"

"हो," ती म्हणाली. इतक्या भल्या माणसाचं मन कोण मोडणार?

"मग पट्टी कुठाय?"

तिने बाहेर बोट दाखवलं. बिटोनीच्या सायकलवर मी एका टोपलीला आवळून बसले होते. टोपलीत साहेबांसाठी भेट आणलेली कोंबडी होती.

साहेब बाहेर येऊन कोंबडीपाशी उभे राहिले. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कारण नाही म्हटलं असतं तर अपमान झाला असता. "आणखी तीन महिने," ते म्हणाले. फालेसीने मान डोलावली. मान तिची उत्तम हलते.

मी तेव्हापासून सायकलवरच आहे. मला दोन चिरा पडल्यात. शेजारणी म्हणतात, फालेसी आता बरी आहे. हात न उचलायची सवय तिला छान जमली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला व्यायामाची पट्टी दिली, तर ती दाराला राहू द्या. शेजारी बसून दहापर्यंत मोजा. एवढंच मागते, आणि तेही उशिराच मागते आहे.

तियामिकेने शाळा सोडली. आता ती भरलेली बादली एका झटक्यात डोक्यावर चढवते. सगळं गाव तिचं कौतुक करतं. तुम्ही तेवढं मात्र करू नका.