वाटणीत गेलेला गारवा

मी एक जुनी सोड्याची पेटी आहे. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, की माझ्या पोटातून गार बाटली बाहेर! मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. नाहीतर माणसाच्या जातीला मित्र म्हणायची हौस मला उरलेली नाही. का, ते ऐका.

कारखान्यात माझा पत्र्याचा सांगाडा एका बाजूने आला आणि गारवा करणारं यंत्र दुसऱ्या बाजूने. दोन्ही जोडली, तेव्हा कुठे मी झाले. खाली मोटर घुमायची, वर पोटातल्या गार पत्र्यावर बर्फ धरायचा आणि मधे तांब्याची एक बारीक नळी. गॅस तिच्यातूनच फिरायचा. माझा जीव म्हणाल तर तेवढाच.

एका दुकानदाराने मला दारात उभं केलं. रोज सकाळी तो आधी माझं तोंड पुसायचा, मग स्वतःचं. त्याची दोन पोरं उन्हातून आली की माझ्या दाराला गाल लावून उभी राहायची. जागेवरून कचाकचा भांडायची. पण तोंडाने भांडायची, हे लक्षात ठेवा.

दुकानदार गेला. दुकान वाटलं, कपाटं वाटली, मेली शिडीसुद्धा वाटली. राहिले मी. भावाभावांचं बोलणं बंद झालं आणि मी गोदामात धूळ खात पडले. एकानेही कधी फडकं फिरवलं नाही.

मग थोरल्याने हॉटेल काढलं. त्याला शोभेसाठी माझा सांगाडा हवा होता. लाल रंग द्यायचा, आत दिवे लावायचे. धाकटा फ्रीज दुरुस्त करणारा. त्याला माझं यंत्र हवं होतं, तेही चालू. झालं! कातडं एकाला, काळीज दुसऱ्याला. मला विचारतो कोण?

आता हे यंत्र काढायला दोघं लागतात. एकाने पुढून, माझ्या पोटातला गार पत्रा पाठीच्या भोकातून मागे सरकवायचा. दुसऱ्याने मागून मोटर ओढायची. दोघांचा हात एकदम चालला नाही, तर मधली नळी मोडते. आणि हे तर एकमेकांचं तोंड बघत नव्हते! म्हणून मधे उभी राहिली थोरल्याची बायको.

"वहिनी, त्यांना म्हणावं, पत्रा जरा तिरका करा," धाकटा माझ्या पाठीमागून म्हणाला.

"अहो, पत्रा तिरका करा म्हणतात भावजी."

"त्याला सांग, मला अक्कल आहे."

"भावजी, ह्यांना अक्कल आहे म्हणे. मला अजून दिसायची आहे."

मीही काही कमी नाही. गंजलेले स्क्रू घट्ट आवळून बसले. धाकट्याचं बोट कापलं, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

शेवटी स्क्रू निघाले, यंत्र सरकलं आणि पत्रा भोकात अडकला. थोरल्याला ते दिसलं. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. भाऊ हातभर अंतरावर होता. पण या शहाण्याने माझ्या पोटातून मान बाहेर काढली, बायकोकडे वळला आणि म्हणाला, "त्याला सांग, थांब म्हणावं."

"भावजी, थां..."

तोवर धाकट्याने हिसका दिला होता. नळी कट्‌कन मोडली आणि फुस्स करून सगळा गॅस निघून गेला. इतकी वर्षं धुळीतही जपला होता मी तो.

"आंधळा आहेस का? ओढलंस कशाला?" थोरला ओरडला.

"आणि तुझी जीभ झडली होती? थांब म्हणता येत नव्हतं?"

वहिनीने हातातलं फडकं आपटलं. "आता फुटलं का तोंड? बोला मग. मी चालले."

इतक्या वर्षांनी ते एकमेकांशी बोलले, तेही माझ्या जिवावर उठून!

आता माझा सांगाडा हॉटेलात झगमगतो. लोक फोटो काढतात. यंत्र धाकट्याच्या बाकड्याखाली मुकं पडलं आहे. यातली मी कुठली, माझं मलाच कळत नाही. परवा एका छोट्या मुलीने माझ्या दाराला गाल लावला आणि झटकन काढला. "आई, ही तर गरम आहे!" गल्ल्यावर बसलेल्या थोरल्याने ते ऐकलं. त्याचा हात हळूच स्वतःच्या गालावर गेला. मला दया आली नाही.

जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायचं असतं. मला जपू नका, आता त्याचा काय उपयोग? भांडायचं तर खुशाल भांडा. पण ज्याला 'थांब' म्हणायचं, त्यालाच म्हणा. मधे माणूस घालू नका. तेवढ्या वेळात जीव जातो. माझा गेला.