बाराला अडणारं मशीन

"ताई, राग मानू नका, पण या मशीनवर मागे कुठे गाणी-बिणी चालू नसतात ना?"

"कंपाउंडर, मला इथे धड श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि गाणी ऐकते होय?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि काचेपलीकडच्या म्हातारीला केसपेपर देऊन मोकळ्या झाल्या.

तो ओशाळला. डोळ्यांच्या या इस्पितळात खरे डॉक्टर तेवीस. त्यामुळे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला कंपाउंडर हीच पदवी उरली होती. शिवाय त्याच्याकडे औषधही एकच, कुठल्याही दुखण्यावर चालणारं: बंद करून चालू करा. पण खिडकीवरच्या या मशीनला गेले तीन आठवडे तेही पुरतं लागू पडत नव्हतं. सकाळी आठला घोड्यासारखं धावायचं आणि बाराच्या सुमारास जे बसकण मारायचं ते उठायचंच नाही. बंद-चालू केलं की त्या दिवसापुरतं सुख, दुसऱ्या दिवशी बाराला पुन्हा तेच. रांग दारापर्यंत जायची आणि लोक शिव्या द्यायचे, त्या अर्थातच खिडकीतल्या बाईंना.

व्यवस्थापकांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. बाई मशीनवर नाही नाही ते उघडून बसतात, म्हणून सोमवारपासून त्यांची बदली तळघरात, रेकॉर्डरूममध्ये. पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं, फक्त सही बाकी होती. तळघरात चाळीस वर्षांच्या फायली आणि तितक्याच वर्षांची धूळ. बाईंना दमा. मागच्या वर्षी एक जुनी फाइल शोधायला पंधरा मिनिटं खाली गेल्या, तर त्यांना दोघांनी धरून वर आणावं लागलं होतं.

म्हणून शुक्रवारी तो सकाळपासून त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसला. मशीनवर काय काय चालू आहे आणि कोण किती मेमरी खातंय, याची यादी उघडली आणि दर पंधरा मिनिटांनी कागदावर आकडे उतरवायला लागला. पहिला संशय व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमवर होता, पण तो बिचारा जागच्या जागी होता. दुसरा छपाईवर, तोही निर्दोष सुटला. साडेनऊला मात्र यादीत तळाशी असलेलं एक नाव मधे आलं. साडेदहाला ते सगळ्यात वर जाऊन बसलं.

नाव होतं 'चिमणी'.

त्याने आधी चष्मा पुसला. मग पाणी प्यायला. चिमणी त्यानेच लिहिलेली होती, सहा वर्षांपूर्वी. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या माणसांना भिंतीवरचा नंबर दिसत नाही, हे इतक्या डॉक्टरांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते त्याच्या आलं होतं. बाईंना दोन रविवार भांडारात बसवून त्याने त्यांच्या आवाजात एक ते पाचशे आकडे भरून घेतले. खिडकीवर कळ दाबली की चिमणी पडद्यामागून बोलायची, "क्रमांक एकशे चार, खिडकी दोन." आयुष्यात त्याच्यासाठी टाळ्या एकदाच वाजल्या, त्या या चिमणीमुळे.

आता त्याने ती उघडून ओळ न् ओळ वाचली. आकडा बोलायचा झाला की आवाजाची फाइल उघडायची, हे त्याने लिहिलं होतं. बोलून झाल्यावर बंद करायची, हे लिहायचं राहूनच गेलं होतं. पंगतीला ताटं वाढत जायचं आणि उष्टं एकही उचलायचं नाही, तसा प्रकार.

"मग सहा वर्षं कसं चाललं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"काय?"

"ताई, तुम्ही पूर्वी मशीन कधी बंद करायचात?"

"साडेअकराला. जेवायला खिडकी बंद व्हायची ना, तेव्हा. उगाच वीज कशाला जाळायची? आता तीन आठवड्यांपूर्वी हे नवे व्यवस्थापक साहेब आल्यापासून सुट्टीच नाही. माझ्या जागी दुसरी बसते, मशीन आपलं चालूच."

म्हणजे सहा वर्षं ही बाई रोज साडेअकराला, नकळत, त्याच्या चुकीवर पांघरूण घालत होती. त्याला भयंकर लाज वाटली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. त्याने ती केली आणि गप्प बसला. बारा वाजले, साडेबारा वाजले. मशीन हू की चू न करता चालत राहिलं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पुढच्याच महिन्यात त्याचं कंत्राट संपत होतं, आणि नव्या कंत्राटावर सही याच व्यवस्थापकांची.

एक वाजता ते स्वतःच आले. पडद्याकडे पाहून हसले. "बघितलंत? पत्राची कुणकुण लागली आणि मशीन सरळ झालं. दुखणं कुठे होतं ते मला ठाऊक होतं."

बाईंनी पर्समधला दम्याचा पंप काढून नुसता हातात धरला.

"साहेब, दुखणं माझं होतं," कंपाउंडर म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे मोठ्याने निघालं, आणि रांगेतली पुढची चार माणसं बघायला लागली. "नंबर बोलणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. त्यात माझी चूक होती. ताईंचा काही संबंध नाही. हे बघा आकडे."

व्यवस्थापकांनी कागद वाचला, उलटा करून पाहिला. "आणि हे तुम्हाला सहा वर्षांनी कळलं?"

"हो."

"मग पत्र राहू दे. पण तुमचं ते खेळणं आत्ताच्या आत्ता काढून टाका."

"साहेब, आता दुरुस्त झालंय."

"उद्या पुन्हा अडलं तर? काढा. तुमचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात बघू."

ते गेले. तो पडद्याकडे बघत राहिला.

"काढा हो," बाई हळूच म्हणाल्या. "तसाही तो माझा आवाज आता राहिलाय कुठे?" मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही बोललात, कंपाउंडर. मला आयुष्यभर पुरेल."

त्याने चिमणी पुसून टाकली. पाचशे आकडे जायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

भिंतीवरचा नंबर बदलला, पण कुणीच उठलं नाही. बाकांवर पट्ट्या बांधलेली माणसं माना वर करून कान देऊन बसली होती. "कितवा चालू आहे हो?" एकाने शेजाऱ्याला विचारलं, त्याच्याही डोळ्यांना पट्टीच होती. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

कंपाउंडर स्टुलावरून उठला, खिडकीबाहेर येऊन उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला.

"क्रमांक दोनशे बारा," तो म्हणाला, "खिडकी दोन."

तिसऱ्या बाकावरचे एक आजोबा काठी टेकत उठले आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे करून चालायला लागले.