न्हाणीघराची जागा

नदीच्या खळाळत्या पाण्यातून प्रवाशांना नेणाऱ्या राफ्टच्या, म्हणजे रबरी होडीच्या, पुढच्या डाव्या कोपऱ्याला गाइड मंडळी आपसांत ‘न्हाणीघर’ म्हणत, कारण लाटेचा पहिला तडाखा तिथंच बसतो. त्या दिवशी त्यांच्यातल्याच एका तरुण गाइड मुलीने फरशीच्या एका दुकानदाराला मोठ्या अदबीने तिथंच बसवलं.

त्याने तिला ओळखलं नव्हतं. तिने मात्र बरोबर ओळखलं होतं! मागच्या हंगामात हाच गृहस्थ भर काठावर म्हणाला होता, बाईच्या हाती जीव द्यायला मला काय जीव जड झालाय? तेवढ्यावरून होड्यांच्या मालकाने तिला हंगामभर लाइफ जॅकेटं धुवायला बसवलं. कुबट पट्टे चोळताना तिने एकच गोष्ट घोकली होती, की एकदा तरी याला पाणी पाजायचं. याही वेळी त्याने नाक मुरडलंच, पण बायको आधीच चढून बसली होती, त्यामुळे नाइलाज झाला.

बचावाची छोटी होडी चालवणारा तिचा काका हे सगळं बघत होता. तो हळूच जवळ आला. "सूड घ्यायचा तर काठावर घे, पोरी. होडीत कुणी एकटं बसलेलं नसतं."

नुसती आंघोळ घालते, असं म्हणून तिने हसण्यावारी नेलं. काका मान हलवत पुढे गेला.

मोठा उतार आला. तिची नजर फक्त लाटेवर. सरळ जाणारी होडी तिने मुद्दाम आडवी घातली, डावा कोपरा नेमका लाटेच्या तोंडी दिला. आणि मग तिने वर पाहिलं.

न्हाणीघरात दुकानदार नव्हताच! पाण्याचा आवाज ऐकून घाबरलेला तो मागे सरकला होता, आणि गाडीत, घरात जन्मभर मागे बसलेली त्याची बायको हौसेने पुढे येऊन बसली होती.

"मागे वल्हवा! जोरात!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. उशीर झाला होता. बाई उडून पाण्यात गेली, दिसेनाशी झाली. नवऱ्याने हंबरडा फोडला. शेवटी काकाने बाईला जॅकेटला धरून बाहेर ओढलं.

काठावर बाई खोकत बसली. गाइड तिच्यापुढे गुडघे टेकून म्हणाली, "ती लाट यांच्यासाठी होती. मी मुद्दाम होडी वळवली." का, तेही तिने सांगितलं. दुकानदाराचा चेहरा उतरला.

बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "भांडण तुम्हा दोघांचं, आणि पाणी माझ्या नाकात!"

दोघांच्या माना खाली गेल्या. मग दुकानदार स्वतः मालकाकडे गेला आणि मागच्या वर्षी मी अद्वातद्वा बोललो, असं सगळ्यांदेखत म्हणाला. गाइडनेही आपली चूक मालकाला सांगितली, आणि कुणी न सांगता ओल्या जॅकेटांचा ढीग धुवायला उचलला.

मंडळी, घरात, कचेरीत आपणही असेच कुणावर तरी डूख धरून असतो. अपमानाचा जाब जरूर विचारावा, तोंडावर विचारावा. पण होडी आडवी घालण्याआधी पुढे कोण बसलंय, तेवढं बघावं.