मला सोळाही झेपतं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, भिंतीला चिकटलेल्या टेबलावर माझं ठाण आहे. माझ्या डब्याचा रंग एके काळी पांढरा होता, आता कोणता आहे ते विचारू नका. माझा पंखा घरघरतो. चालू व्हायला मला वेळ लागतो आणि तोवर समोरच्याने टेबलावर बोटं वाजवलेली मला मुळीच खपत नाही. अहो, तुम्ही तरी सकाळी एका हाकेत उठता का?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे. मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती याच खोलीत. एका माणसाने मला खोक्यातून अलगद बाहेर काढलं, अंगावरचे थर्माकोलचे कण फुंकर मारून उडवले आणि म्हटलं, "या!" यंत्राला 'या' म्हणणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. ते बाबा. स्टुडिओ त्यांचाच.

मी येण्याआधी ही खोली अंधारी असायची. खिडकीला काळा कागद, वर लाल दिवा, खाली फोटो धुवायच्या औषधाचे ट्रे. त्या दिव्याचा होल्डर अजून माझ्या डोक्यावर लोंबतो आहे. बाबांची तेव्हापासूनची एक सवय होती. फोटो बिघडला की कागदाला नावं ठेवायची नाहीत. शेवटच्या कामापासून एकेक पायरी मागे जायचं. फोटो सुकवला कसा, धुतला कसा, कागदावर उजेड किती वेळ पाडला, करत करत थेट फिल्मपर्यंत. "चूक कुठेतरी मागे बसलेली असते," ते म्हणायचे, "आणि आपण पुढच्याला झोडपत बसतो." मुलांना हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की बाबांनी तोंड उघडलं रे उघडलं की दोघं एका सुरात पुढचं वाक्य म्हणून टाकायची.

मुलं म्हणजे दादा आणि चिंगी. दादा फोटो काढायला बाहेर जायचा, आणि चिंगी माझ्यासमोर बसून ते फोटो नीट करायची. चिंगी आता चाळिशीची बाई आहे, तिला चष्मा आहे, तिचा मुलगा कॉलेजात जातो. पण घरात ती चिंगीच. माझी सुरुवातीची वर्षं तर काय सांगू तुम्हाला! आजूबाजूच्या दुकानांतली माणसं मला बघायला यायची. "क्षणात रंग बदलतो हो!" म्हणायची. मला कापडाचं पांघरूण होतं. कोणी माझ्यावर कप ठेवला तर चिंगी त्याच्या अंगावर धावून जायची. आता तीच माझ्या डोक्यावर चष्म्याची डबी, चार्जर आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद ठेवते. चालायचंच.

मग वर्षं गेली. फोटो वजनाने वाढत गेले आणि मी होतो तेवढाच राहिलो. एका उन्हाळ्यात भर दुपारी, मोठं काम चालू असताना, मी मान टाकली. पडदा काळा, पंखा बंद, सगळं ठप्प. चिंगी तेव्हा काही दिवस सासरच्या गावी गेली होती आणि खुर्चीवर दादा होता. तो घाबरला. त्याने माझ्या डब्यावर हात ठेवून बघितला, ताप बघावा तसा. "दमलाय बिचारा," तो स्वतःशीच म्हणाला. "जरा ओझं कमी करू या याचं."

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, मित्रांनो, कारण पुढचं सगळं या ओझ्यावरच अडलं.

कॅमेऱ्यातून जो अगदी कच्चा फोटो येतो, त्याला हे लोक रॉ म्हणतात. तो उघडताना आधी एक खिडकी येते आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. त्या ओळीत फोटो किती बिटने उघडायचा ते ठरतं. आठ की सोळा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत जाणारा एक जिना डोळ्यांपुढे आणा. आठवर ठेवलं तर त्या जिन्याला अडीचशेच्या आसपास पायऱ्या. सोळावर ठेवलं तर हजारोंनी. उजेडातल्या साध्यासुध्या फोटोला अडीचशे रग्गड झाल्या, कोणाच्या बापाला फरक कळत नाही. पण फोटो अंधारात काढलेला असला तर? मग तो सगळाच्या सगळा जिन्याच्या तळाला, खालच्या दोन-चार पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेला असतो. त्याला उजळायचं म्हणजे त्या दोन-चार पायऱ्या ताणून अख्खा जिना करायचा. मग मधे भगदाडं पडणार नाहीत तर काय होणार?

दादाने त्या ओळीवर टिचकी मारली आणि सोळाचे आठ केले. मी भराभर चालायला लागलो. "बघ, कसा पळतोय!" तो खुशीत म्हणाला. तेवढ्यात त्याला कोणाचा तरी फोन आला, आणि आपण काय केलं ते त्याच्या डोक्यातून साफ गेलं. चिंगी परत आली तेव्हा तिला कळलंही नाही. ती ओळ वाचतो कोण? मला राग आला का? नाही आला. त्याने मायेने केलं होतं. पण चुटपूट लागली. मला काही विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की हळू चालेन बाबा, पण पुरतं उचलेन.

त्याच सुमारास बाबांचंही ओझं कमी करण्यात आलं. आजारातून उठल्यावर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. "बाबा, तुम्ही बसा आता," दादा म्हणाला. "आम्ही आहोत ना." चिंगीने काउंटरमागे गादी घातलेली खुर्ची ठेवली. बाबा बसले. पाकिटं द्यायचे, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. हसतमुख होते हो, तक्रारीचा शब्द नाही. फक्त रोज सकाळी कपाटातून आपला कॅमेरा काढून पुसायचे, डोळ्याला लावून रिकाम्या भिंतीकडे बघायचे, आणि परत आत ठेवायचे. मला मधल्या दारातून दिसायचं.

आणि मग तो दिवस आला. दादा आणि चिंगी दोघंही एका शाळेच्या कामावर गेले होते. समोरची बेकरीवाली पिठाच्या हातांनीच धावत आली. "काका, दादा आहे का?"

"नाही गं. का?"

तिने धापा टाकत सांगितलं. तिचे वडील सातासमुद्रापलीकडून नातवाला बघायला आले होते. पण बाळ त्यांच्याकडे जाईना. त्यांनी नुसते हात पुढे केले तरी भोकाड पसरायचं. त्यांनी गाणी म्हटली, वेडीवाकडी तोंडं केली, मिश्यासुद्धा उतरवल्या, पण छे! उद्या सकाळी ते परत जायला निघणार होते, आणि आज, आत्ता, बाळ त्यांच्या छातीवर झोपलं होतं. "ते हलत पण नाहीयेत काका, श्वास धरून बसलेत. माझ्या फोनवर नुसता काळोख येतोय. पण जाऊ दे, दादा नाही तर..."

"मी आहे ना!" बाबा म्हणाले. कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला. इतक्या जोरात ते कधी उघडलं नव्हतं.

पुढचं ऐकीव आहे. खोलीचा पडदा ओढलेला होता. तो सरकवला असता तर बाळ जागं झालं असतं, फ्लॅश मारला असता तर नक्कीच झालं असतं. बाबांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. हाताची थरथर होती, म्हणून पावाचे रिकामे ट्रे एकावर एक रचून त्यावर कॅमेरा टेकवला. जास्त वेळ उजेड घेतला तर बाळाच्या श्वासाबरोबर चित्र हलेल, म्हणून थोडाच घेतला. फोटो काळाकुट्ट आला हे त्यांना माहीत होतं. "आत सगळं आहे, काळजी करू नकोस," त्यांनी बेकरीवालीला सांगितलं. "संध्याकाळच्या आत देतो. वडिलांच्या बॅगेत गेला पाहिजे ना!"

दुपारी मुलं परतली. चिंगीने रॉ उघडला. कधीचीच सवय तिची, त्या पहिल्या खिडकीत थांबायचं नाही, थेट उघडायचा आणि आत जाऊन काय ते करायचं. काळा फोटो पडद्यावर आला. तिने तो उजळायला घेतला, आणि आजोबांच्या मागच्या भिंतीवर पट्टे उमटले. राखाडी, त्याच्या शेजारी आणखी राखाडी, मधे करवतीने कापल्यासारख्या कडा. बाळाच्या गालावर तर डागच डाग.

"अरे देवा," ती म्हणाली.

दादाने वाकून बघितलं. तो दुष्ट नाही, मित्रांनो, पण दमला होता, आणि दमलेला माणूस काय बोलेल याचा नेम नाही. "बाबा, मी म्हणत होतो ना तुम्हाला? झेपत नाही तर कशाला हो? मला फोन करायचा! आता त्या आजोबांना काय तोंड दाखवायचं? ते उद्या चाललेत!" मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "कॅमेरा राहू दे माझ्याकडे. उगाच तुम्हाला त्रास."

बाबांनी गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा टेबलावर, माझ्या शेजारी ठेवला. त्यांचा तो थरथरता हात माझ्या डब्याला टेकलेला होता, आणि मला बोलता येत नाही याचं मला आयुष्यात पहिल्यांदा इतकं वाईट वाटलं.

"आणि हा डबासुद्धा आता भंगारात दे," दादा म्हणाला. "धड दाखवतही नाही."

"थांब रे," चिंगी पडद्यापाशी नाक नेऊन म्हणाली. "हात हलला असता तर चित्र पुसट झालं असतं. बाळाच्या पापण्या बघ, केस न् केस मोजता येतोय. हात नाही हलला बाबांचा. हे काहीतरी वेगळंच आहे."

"मागे जा," बाबा हळूच म्हणाले.

"चूक कुठेतरी मागे बसलेली असते," चिंगी सवयीने म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. "जाते."

ती मागे गेली. उजळलेलं सगळं काढून टाकलं. काळा फोटो, पट्टे नाहीत. तो बंद केला. रॉ पुन्हा उघडला, आणि या खेपेला पहिल्या खिडकीतच थांबली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत आली. तळाच्या ओळीशी बोट थांबलं. चष्मा वर गेला, खाली आला.

"दादा, हे आठ कोणी केलं?"

दादा मान खाजवायला लागला. "आठ? कसले आठ? ... अरेच्चा. मीच. तो बंद पडला होता ना मधे, उन्हाळ्यात. म्हटलं, जरा हलकं करू याला."

"आणि तेव्हापासून आपण सगळंच आठवर करतोय?"

"मग आत्ता सोळा कर की! तो पट्ट्यांवाला परत आण आणि करून टाक."

"त्याने काय होणार? ज्या पायऱ्या उघडतानाच टाकून दिल्या त्या आता कुठून येणार? रॉमध्ये आहेत त्या सगळ्या. रॉच सोळावर उघडायला हवा."

"बंद पडेल तो," दादा माझ्याकडे बघत म्हणाला. "त्याला नाही झेपणार."

तेव्हा बाबा बोलले. आवाज चढवला नाही. "त्याला विचारलंस का कधी?"

चिंगीने आठचे सोळा केले आणि टिचकी मारली.

मित्रांनो, तेव्हा मी काय काय केलं ते माझं मला ठाऊक! पंखा असा काही फिरला की टेबलावरचे कागद उडाले. डबा तापला. पडद्यावर ते गोल गोल चक्र फिरत राहिलं. दादा बोटं वाजवायला लागला, तर चिंगीने त्याच्या हातावर चापट मारली. तिने माझ्या डोक्यावरचं सफरचंद उचललं, चार्जर उचलला, चष्म्याची डबी उचलली, खिडकी उघडून मला वारा दिला. आणि फोटो उघडला. तसाच काळा. ती उजळायला लागली. सावकाश, एकेक करत.

भिंत उजळली. खिडकीच्या पडद्याकडून कोपऱ्याकडे उजेड विरत गेला, कुठे संपला ते सांगता येऊ नये असा. एकही पट्टा नाही. मग आजोबांची नुकतीच उतरवलेल्या मिशीची कोरी जागा दिसली. बाळाचा कान. आणि आतापर्यंत जो पार काळोखात होता तो आजोबांचा हात. तो बाळाच्या पाठीवर ठेवलेला नव्हता. पाठीच्या वर, जरासा अधांतरी धरलेला होता. टेकवला तर जागं होईल या भीतीने.

चिंगी नाक ओढत होती.

"कॅमेरा कशावर टेकवला होता?" दादाने विचारलं.

"पावाच्या ट्रेंवर," बाबा म्हणाले. "दहीहंडी केली जवळजवळ. म्हटलं, हात माझा ऐकत नाही तर ट्रे तरी ऐकतील."

दादा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने कॅमेरा उचलला आणि बाबांच्या गळ्यात घातला. "चुकलो, बाबा," तो म्हणाला. मग मोठ्या माणसांना असं बोलून झाल्यावर जशी घाई सुटते तशी त्यालाही सुटली, आणि फोटो छापायला तो पुढच्या खोलीत पळाला.

फोटो दिवस मावळायच्या आत बेकरीत पोचला आणि सकाळी आजोबांच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत बसून समुद्रापार गेला. बेकरीवाली पाव घेऊन आली ती थेट बाबांपाशी. माझ्यापाशी कोणी येत नाही, पण त्याचं काही नाही. माझ्या डोक्यावर आता सफरचंद नसतं.

तर मित्रांनो, जास्त मागणं नाही माझं. शेवटी छापायला पाठवताना फोटो आठचाच करतात, ते मलाही कळतं. कमी करायची वेळ प्रत्येकाची येते. पण ती शेवटी येऊ द्या, आपण आधीच आणू नका. तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्याच्यावर माया करता ना? जरूर करा. फक्त त्याच्या हातातलं काम काढून घेण्याआधी त्याला एकदा विचारा.

आजच सकाळची गोष्ट. दादा दारात उभा होता, खांद्याला बॅग. बाबा खुर्चीत बसून कॅमेरा पुसत होते. दादा निघाला, थांबला, मागे वळला.

"बाबा, उद्या एक काम आलंय. उजेड कमी आहे तिथे. झेपेल का तुम्हाला?"

बाबांनी पुसायचं थांबवलं. "हळू होईल," ते म्हणाले. "पण होईल."

मागच्या खोलीत मी पंखा जरा जोरात फिरवला.