शंभराव्या दिवसाचे पेढे

दारू सोडणाऱ्यांची बैठक म्हणजे रिकामटेकड्यांची भजनमंडळी, असं माझं स्पष्ट मत होतं. पण ती भरवायचा दौलतराव, आमच्या खाजगी फौंड्रीतला फोरमन. फोरमनला नाही कोण म्हणणार? घातलं नाव. दर रविवारी सकाळी सेक्टर सहामध्ये, त्याच्या घरामागच्या शेडमध्ये हजेरी.

त्या रविवारी माझी बायको शेवंताही सोबत आली, हाताला पट्टी बांधून. "आज समद्यांसमोर खरं बोला. नाही तं मी भावाकडे नंदिनी गावाले चालली, वापस येनार नाही," असं तिनं बजावलं होतं.

दौलतराव म्हणजे करून करून भागला आणि देवपूजेला लागला, अशातला गडी. फौंड्रीच्या फाटकावर 'अपघाताविना दिवस' असा फळा असतो, तसाच त्यानं इथंही टांगला होता. एक जण प्यायला की सगळ्यांचा आकडा शून्य! या फळ्यापायी फौंड्रीत काय चालतं, ते मला ठाऊक होतं. कुणाचं बोट चेंगरलं तर 'घरी दारात सापडलं' असं लिहायचं, म्हणजे आकडा शाबूत. इथंही तीच लबाडी. फळ्यावर नव्व्याण्णव, टेबलावर शंभराव्या दिवसाचे पेढे, आणि एकेक महात्मा उठून म्हणे, "अपघात नाही." रामाजीच्या तोंडातली वेलची मला तीन खुर्च्यांवरून येत होती. वेलचीखालचा वासही.

माझी पाळी आली. गुरुवारी मी प्यालो होतो, शेवंताला ढकललं होतं. सगळे एकदा माझ्याकडे, एकदा पेढ्यांकडे बघत होते.

"अपघात नाही," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. दौलतरावनं शंभर लिहिले. मग त्याची नजर पट्टीवर गेली.

"वहिनी, हाताले काय झालं?"

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मोरीत घसरल्या असान," दौलतरावच घाईघाईनं म्हणाला. मी मान हलवली.

शेवंता उठली. चांगल्या हातानं तिनं फळ्यावरचे शंभर पुसले. "घरी झाला तं तो अपघात नसते का हो?" तिनं मला विचारलं, आणि पिशवी उचलून ती बसकडे निघून गेली.

इतका वेळ ज्यांना हसत होतो, त्यांच्यात सगळ्यात हलकट मीच निघालो.

"मी गुरुवारी पेलो होतो," मी ओरडलो. "मीच ढकललं तिले!"

ऐकायला दौलतराव होता, रामाजी होता. शेवंता नव्हती.