चोर स्विच

"रोज सकाळी हीच रडारड. गाडी का काय ती, नुसती कण्हती. माणसाचा जरा डोळा लागला का झालीच सुरू."

भागीबाई आपल्या ओट्यावर मेथी निवडता निवडता पुटपुटत होती. तिला वाटत होतं, आपण आपल्याशीच बोलतोय. पण तिचा ओटा आणि जयरामची व्हॅन यांत हातभराचंही अंतर नव्हतं, आणि व्हॅनची चालकाशेजारची सीट उचलून गोरक्ष आत डोकं खुपसून बसला होता. त्याला मेथीचे देठ मोडल्याचंही ऐकू येत होतं.

"मावशी," तो आतूनच म्हणाला, "सांगतो गाडीला. म्हणावं, हळू कण्ह."

भागीबाई ओशाळली आणि जुडी घेऊन आत गेली.

तक्रार खोटी नव्हती. तीन सकाळी हेच चाललं होतं. जयराम किल्ली फिरवायचा, सेल्फ घर्र घर्र फिरायचा, आणि इंजिन काही उचलायचं नाही. गोरक्ष तेव्हा साडूकडे नांदगावला होता. तिथून त्याने फोनवरच नेहमीचे प्रश्न विचारले होते. पेट्रोल आहे का? आहे. प्लग पुसले का? पुसले. चोर स्विच? जयराम म्हणाला होता, तो कायम चालूच असतो, त्याला कोण हात लावतंय. मग गोरक्ष म्हणाला, राहू दे, आल्यावर बघतो. काल रात्री आला आणि आज सकाळी पिशवी घेऊन हजर झाला.

पिशवीच म्हणायची आता. सातपूरला त्याची पत्र्याची शेड होती, ती चार वर्षांपूर्वी बंद झाली. नव्या गाड्यांना आधी कॉम्प्युटर लावतात, मग कॉम्प्युटर सांगेल तिथे माणूस हात लावतो. गोरक्षला उलटी सवय, आधी कान, मग हात. त्यामुळे जुन्या गाड्या आणि त्यांचे जुने मालक, एवढंच गिऱ्हाईक उरलं होतं. त्यांच्या दारी जाऊन तो काम करायचा. गुडघे कुरकुरायचे, पण तेही एकदा गरम झाले की चालायचे. त्याचा एक नेम मात्र शेडपासून तसाच होता. खराब झालेला पार्ट काढला की तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. बघ, हे गेलं होतं. तोंडी सांगण्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

"मार," त्याने आवाज दिला.

जयरामने किल्ली फिरवली. सेल्फ जोमात फिरला. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. गोरक्षने कार्बोरेटरपाशी नाक नेलं. पेट्रोलचा वास आला. मग एक प्लग काढून वायरीला लावला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि पुन्हा किल्ली मारायला सांगितलं. ठिणगी नाही. म्हणजे करंटच येत नव्हता.

"टेस्टर द्या, जयरामभाऊ." त्याने डावीकडून हात पुढे केला.

जयरामने टेस्टर दिला, तो हाताच्या वीतभर अलीकडे, हवेत. टेस्टर फरशीवर पडला.

"घाम आलाय हाताला," जयराम म्हणाला.

"आणि हाही गुळगुळीत झालाय," गोरक्ष म्हणाला. टेस्टरच्या मुठीवर त्याने मागच्याच महिन्यात नवी खडबडीत टेप गुंडाळली होती.

हे असं सहा महिने चाललं होतं. जयराम कुणाकडे बघायचं झालं तर पूर्ण मान वळवायचा, आणि सगळे म्हणायचे, मान धरली असेल. चहाच्या ग्लासाला धक्का लागला की ग्लास कडेला ठेवणाऱ्याचं चुकायचं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. जयराम त्यातलं फक्त 'थेंब घाला' एवढंच घरी घेऊन आला होता. बावीस वर्षं तो गंगापूर रोडच्या शाळेत पोरं सोडत होता. पहिल्या पोरांतल्या एकीची पोरगी आता त्याच्या गाडीत बसायची. अशा माणसाला कोण काय विचारणार?

तेवढ्यात एका पालकाचा फोन आला. उद्या तरी व्हॅन येईल ना? जयराम बोलत बोलत गल्लीच्या टोकाकडे गेला, उजवा हात भिंतीला हलकेच लावून.

प्लगला करंट देणाऱ्या कॉईलपासून गोरक्षने वायर मागे धरत नेली. डॅशबोर्डखाली ती एका जोडापाशी आली. काळ्या टेपवर पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे. उन्हाने टेप सुटते म्हणून असा दोरा बांधणारा नाशकात एकच, आणि तो तोच. नऊ वर्षांपूर्वी कॉलनीतून दोन गाड्या चोरीला गेल्या, तेव्हा त्यानेच ही वायर तोडून छोटा स्विच बसवला होता. स्विच बंद असला की चोराने दिवसभर सेल्फ मारला तरी गाडी उचलणार नाही. ही गोष्ट तीनच माणसांना माहीत होती. तो, जयराम आणि त्या दिवशी टॉर्च धरून उभी असलेली जयरामची बायको ललिता.

त्याने बोटाने चाचपलं. स्विच बंद होता.

त्याने मान वर केली तेव्हा ललिता चहा घेऊन दारात उभी होती. चहा तिच्या हातात तसाच होता.

"भाऊजी, चालू नका करू," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, गल्लीच्या टोकाकडे एक डोळा ठेवून, भरभर. गेल्या गुरुवारी शाळेच्या वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला. ह्यांनी गाडी तशीच वळवली. पुढे बसलेली दुसरीतली वेदिका 'काका' म्हणून किंचाळली तेव्हा ब्रेक लागला. सायकलवाला पडला, उठला, शिव्या देऊन गेला. हे सगळं वेदिकानेच संध्याकाळी सांगितलं. ह्यांनी अवाक्षर काढलं नाही. शुक्रवार, शनिवार पुन्हा पोरं घेऊन गेले. ती दोन्ही दिवस गाडी परत येईपर्यंत दारात बसून राहिली होती. सोमवारपासून, रोज पहाटे गाडीतल्या सप्तशृंगीच्या फोटोला उदबत्ती लावायला ती जायची, तेव्हाच दुसरा हात खाली घालायची.

"तोंडावर कसं सांगू? त्या गाडीशिवाय हा माणूस सकाळी कशाला उठंल? आईपुढं बसून चोरी करते मी रोज." तिने चहा सीटवर ठेवला. "आता तुम्हीच काय ते सांगा. तुमचं ऐकतील."

गोरक्षला आजवर कुणी काही सांगायला सांगितलं नव्हतं, दुरुस्त करायलाच सांगितलं होतं. गाडी उचलली तर उद्या बारा पोरं तिच्यात बसणार होती. नाही उचलली तर हा माणूस घरी बसणार होता. त्याने चहा प्यायला. मग पाना घेतला आणि चांगली चालती कॉईल खोलली.

जयराम परत आला. "काय निघालं?"

"कॉईल गेली. जुनं मॉडेल, मिळायला अवघड हाय. पंधरा दिवस, महिना… नाय सांगता येत." गोरक्ष पिशवीत पाने भरायला लागला. त्याने मान वर केली नाही.

"दाखव की."

"आँ?"

"गेलेला पार्ट हातात देतोस ना तू? दे."

गोरक्षने कॉईल त्याच्या हातात दिली, उजव्या बाजूने. जयरामने ती उलटीसुलटी केली, अंगठ्याने पुसली, कुठे तडा आहे का ते चाचपलं. ललिता रिकामा ग्लास घेऊन तिथेच उभी होती.

"दिवाळीत टाकलेली ही. चांगली हाय," जयराम म्हणाला. "बसव परत."

तो चालकाच्या सीटवर जाऊन बसला. बावीस वर्षांत त्या सीटला त्याच्या अंगाचा खड्डा पडला होता. त्याने हात डॅशबोर्डखाली घातला. चाचपडावं लागलं नाही. टक् असा बारीक आवाज झाला. स्विच चालू झाला होता. मग पुन्हा टक्. बंद.



"सोमवारीच कळलं," तो समोरच्या काचेतून बघत म्हणाला. "पेडलवर उदबत्तीची राख पडलीवती. फोटो तर तिकडं, मधे हाय."

"मग चालू का नाय केला?" ललिताने विचारलं. "तीन दिस नुसती किल्ली फिरवत बसले. का हो?"

भागीबाई केव्हाची परत ओट्यावर येऊन बसली होती.

जयरामने किल्ली काढली, झटकून पुसली आणि खिडकीतून हात बाहेर काढून ललितासाठी धरला. ती त्याच्या उजवीकडे उभी आहे असं समजून त्याने आधी मान पूर्ण वळवली होती. ती डावीकडे होती.

"मला दिसत नाय, ललिता," तो म्हणाला.