हिरवं गेलं कुठं?

"ओकली रे, ओकली!" मंडपात एकच गलका झाला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. एका पोरीला भडभडून उलटी झाली होती. पोटात अन्नाचा कण उरला नव्हता, आतडी पिळवटून हिरवं-पिवळं पाणी तेवढं पडत होतं, आणि सारी वाडी आपला बैल शर्यतीत पहिला आल्यासारखी खूश होती. माणसाच्या उलटीला टाळ्या वाजवणारे लोक जगात आणखी कुठं असतील तर त्यांनाही एकदा बघून यायला हवं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत खड्गेश्वर महाराजांचा दरबार भरला होता. महाराज मूळचे राजेश. मुंबईत शोभेच्या वस्तूंच्या दुकानात धूळ पुसायला होते. आता खांद्यावर भगवी शाल आणि हातात शेवाळलेल्या दगडासारखी हिरवी तलवार. ती ते कोकमाच्या आगळात, त्या आंबट रसात, बुडवत आणि ते 'तीर्थ' भांडंभर पाजत.

"टेन्शन लेने का नाय, माउली!" महाराज गरजले. "अडीच हजार वर्षांपूर्वीची, चीनच्या राजाची तलवार हाय ही! समुद्रात बुडाली, सावित्रीत शिरली, आनि पुरात माझ्या पायाशी येऊन थांबली. दुनियेत एकच पीस! ह्याच्यावर मंत्र कोरलाय, सर्व रोग हर! पोटातलं विष हिरवं होऊन बाहेर पडतंय, अपनी आँख से देखो!"

समुद्रात बुडालेली तलवार नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहत इथवर आली कशी, हे कुणीच विचारलं नाही.

मंडपाच्या टोकाला बुद्धरत्न उभा होता. नाते गावचा राहणारा, महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म घालवून निवृत्त झालेला. त्याला नाद एकच, जुन्या चिनी कांस्य, म्हणजे तांबं आणि कथील मिसळून केलेल्या, तलवारींचा. अस्सल तलवारी संग्रहालयात काचेआड असतात, त्या आपल्या नशिबी नाहीत, हे त्यानं केव्हाच मान्य केलं होतं. तो नकला जमवी आणि नक्कल म्हणूनच कौतुकानं भिंतीवर टांगी. "घरात विळी बोथट आणि भिंतीवर तलवारी," असं त्याची बायको सरिता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी.

आजही तो आला होता तो तलवार बघायला. ही नक्कलच असणार हे त्याला ठाऊक होतं. पण लाखात एक, खरीच निघाली तर? माणूस कितीही शहाणा असो, नादापुढं तो गाढवच.

तेवढ्यात त्याला हरिबा दिसला. हरिबा त्याच्या घरी शेळीचं दूध पोचवायचा. हरिबाच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती ती मघाची पोरगी, त्याची मीना.

"भाऊ, आज दोनदा उलटी पडली तिला!" हरिबाचा चेहरा फुलला होता. "विष निघतंय."

मीनाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. बुद्धरत्न चरकला.

"कावीळ आहे रे हिला. डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं की. आराम सांगितलान, गोळ्या दिल्यान, पानी उकळा बोलला. पन महाराज बोलले, गोळी आनि तलवार एका पोटात नांदत नाय. म्हनून गोळ्या टाकून दिल्या."

बुद्धरत्ननं पुन्हा तलवारीकडं बघितलं, आणि आता त्याला नेमकं तेच दिसलं जे इतका वेळ साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मुठीपासून अर्ध्यापर्यंत पातं हिरवं होतं. खालचा अर्धा भाग, जो रोज आगळात बुडत होता, तो मात्र चकचकीत, तांबूस, नुकत्या घासलेल्या हंड्यासारखा दिसत होता.

तो गर्दी सारत पुढं गेला. हरिबाची बायको बयाबाई तीर्थासाठी भांडं घेऊन रांगेत उभी होती. तिलाच त्यानं मोठ्यानं विचारलं, "वहिनी, घरातला तांब्याचा हंडा कशानं घासता?"

"चिंचेनं. नायतर आमसुलानं."

"त्यावर हिरवं चढलं असेल तर?"

"जातंय की. आंबट लावलं का सुटून पान्यात जातंय."

"आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात सोलकढी करून ठेवाल का?"

"मला काय खूळ लागलंय?" बयाबाई उसळली. "कळकंल ती! कुनी पियाला तर ओकून ओकून मरंल..."

ती बोलून गेली आणि हातातलं भांडं खाली पडलं.

जी बाई घरात तांब्याला आंबट लावू देत नव्हती, तीच बाई तांब्यातलं आंबट रोज लेकीला पाजत होती. का, तर भांडं नव्हतं, तलवार होती.

"ह्या तलवारीचं अर्धं हिरवं गेलं कुठं?" बुद्धरत्न मंडपाला म्हणाला. "तुमच्या पोटात गेलं. तो तांब्याचा कळक आहे. आगळात विरघळला की विष होतो. उलटी रोगाची नाही, विषाची होतेय."

"नास्तिक! पोलीस को बुलाव!" महाराज किंचाळले. आजवर कुठल्या महाराजानं आपणहून पोलिसांना बोलावलं होतं, देव जाणे.

व्यासपीठामागच्या पेटीतून व्हिनेगरचा वास येत होता. बुद्धरत्ननं ती उघडली. आत मीठ आणि व्हिनेगरात भिजवलेला लाकडाचा भुसा, आणि त्यात जुनी दिसावी म्हणून हिरवी करत ठेवलेली दुसरी तलवार. दोन्हींच्या मुठीखाली एकाच जागी, एकाच आकाराचा खड्डा होता. एकाच साच्यातून निघाल्या होत्या.

"दुनियेत एकच पीस, आणि तिला जुळी बहीण!" तो हसला. "आणि मंत्र? माझ्या घरच्या नकलेवरही हीच चिनी अक्षरं आहेत. ती सांगतात, राजानं ही तलवार स्वतःच्या वापरासाठी केली. कावीळ ह्या शब्दाचा त्यात पत्ता नाही."

"मग महाराज, तुमीच प्या एक भांडं!" कुणीतरी ओरडलं.

महाराज पळायला निघाले. लोकांनी त्यांना आडवं पाडलं, नाक दाबलं आणि तीर्थ घशाखाली ओतलं. थोड्या वेळात महाराजही ओकले. मंडपानं पुन्हा टाळ्या पिटल्या, तशाच, तितक्याच जोरात. बुद्धरत्नला हे थांबवता आलं असतं. त्यानं थांबवलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला ते गोड वाटलं.

या तमाशात मीना बेशुद्ध पडली होती. महाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं अंग गार पडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, यकृत आधीच सुजलेलं, त्यावर तांब्याचा मारा, शिवाय उलट्यांनी शरीर सुकलेलं. पहाट व्हायच्या आत ती गेली.

महाराज कोठडीत गेले. बुद्धरत्नचं पंचक्रोशीत नाव झालं. बातमीत त्याचा फोटो आला, हातात त्या जुळ्या तलवारी धरून. सरितानं कात्रण कापून ठेवलं.

मग एक दिवस हरिबा नाते गावी बुद्धरत्नच्या घरी आला. दाढी वाढलेली, हातात दुधाची किटली नाही. तो भिंतीवरच्या तलवारी एकेक करून बघत गेला.

"ती खोटी निघाली म्हनून माझी मीना गेली," तो म्हणाला. "भाऊ, तुमाला तलवारींतलं कळतंय. खरी कुठं गावंल, तेवढं सांगा. आता बया पन पिवळी पडलीय."

मंडपात बुद्धरत्ननं किती गोष्टी सांगितल्या होत्या! लोकांनी त्यातली एकच घरी नेली, तलवार डुप्लिकेट होती.

"हरिबा, ऐक," तो म्हणाला. आवाजात दया नव्हती. दयेनं माणसं वाचत नाहीत. "खरी असती तरी मीना मेलीच असती. अडीच हजार वर्षांचं तांबंही तांबंच. तलवार खरी की खोटी, हे विचारूच नको. पोटात काय गेलं, ते विचार. कावीळ तुमच्या वाडीच्या झऱ्यातून आली. पाणी उकळायला डॉक्टरनं सांगितलं होतं. ते तुम्ही केलं नाहीत, आणि वर विष पाजलंत."

"म्हंजे... मीच पाजलं?"

"तूच पाजलंस. मायेनं पाजलंस, पण विषच पाजलंस. आता कुणी देवाचं नाव घेऊन दिलं, राजाचं घेऊन दिलं, नाहीतर मी येऊन दिलं, तरी आधी विचारायचं, हे काय आहे आणि ह्यानं काय होतं? उत्तर मिळालं नाही तर भांडं ओतून टाकायचं."

हरिबा ऊर फुटल्यासारखा रडू लागला.

बाहेर ओट्यावर, त्याच्याबरोबर आलेली बयाबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठली, डोईवरचा पदर सारखा केला आणि दारात येऊन नवऱ्याला म्हणाली, "रडायचं ते मागनं रडा. आधी मला दवाखान्यात न्या."